पडदा स्वच्छ, समुद्र भरलेला: पावसाळी हवेत रडार कसं वापरावं

प्रश्न विचारणारा मुलगा गडहिंग्लजकडचा आहे. बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या मोठ्या जहाजावर) थर्ड मेट, म्हणजे कनिष्ठ अधिकारी. अधिकारी म्हणून पहिलंच जहाज. त्यानं लिहिलंय ते थोडक्यात असं: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं जहाज मंगळूरहून मुंद्र्याला निघालं होतं. रत्नागिरीच्या बाहेर साधारण २० मैलांवर, रात्री साडेनऊचा सुमार, पश्चिमेचा सहा-सात फोर्सचा, म्हणजे चांगलाच जोराचा, वारा, मधूनमधून पावसाच्या सरी. वेग १३ नॉट (ताशी १३ सागरी मैल). रडारचा सी क्लटर (लाटांवरून येणारे फसवे ठिपके, म्हणजे क्लटर, दाबणारं बटण) ऑटोवर, पडदा अगदी स्वच्छ. आणि अचानक लुकआउटवाला ओरडला, पोर्ट बोवर (पुढं डावीकडं) दिवा! अर्ध्या मैलावर मच्छीमार बोट. रडारवर त्या जागी काहीच नव्हतं. सुकाणू फिरवून निभावलं, पण कॅप्टननी चांगलंच सुनावलं. "सर, रडार खराब होतं काय? आणि अशा हवेत नेमकं कुठलं सेटिंग ठेवायचं, तेवढं सांगा."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तू सांगतोस त्यावरून रडार खराब असेल असं मला वाटत नाही. बोटीचा एको (तिच्यावर आपटून परत येणारा सिग्नल) बहुतेक येत होता, पण तो तुझ्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत क्लटरबरोबर पुसला जात होता. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तुला हवं तसं उत्तर नाही. मी तीस वर्षं जहाजांवर काढली, शेवटची अकरा मास्टर, म्हणजे कॅप्टन, म्हणून. एकदा लावलं आणि वॉच (पहाऱ्याची पाळी) संपेपर्यंत हात लावावा लागला नाही, असं सेटिंग मला पावसाळ्यात एकदाही सापडलं नाही. खवळलेल्या समुद्रात रडारला सतत हात लागतो. तो हात कसा लावायचा, ते सांगतो.

सुरुवात समुद्रापासून करू. सध्या घरी असशील तर एखाद्या संध्याकाळी वारा सुटला की रंकाळ्यावर जा. शहराच्या बाजूच्या काठावर पश्चिमेकडं तोंड करून उभा राहा. वारा तोंडावर येईल आणि लाटांच्या उभ्या कडा तुझ्याकडं चालत येताना दिसतील, एकामागून एक, पायऱ्यांसारख्या. मग पलीकडच्या काठावर जा आणि वाऱ्याकडं पाठ करून तेच पाणी बघ. आता लाटांच्या उतरत्या पाठी दिसतील, पाणी बरंच सपाट वाटेल. पाणी तेच, वारा तोच. रडारचा किरण समुद्राकडं असाच बघतो. वाऱ्याच्या बाजूला त्याला उभ्या कडा मिळतात, त्यावर आपटून तो परत येतो आणि पडद्यावर त्या बाजूला दाट क्लटर उठतो. वाऱ्याच्या आडोशाला तोच क्लटर विरळ आणि जवळच संपलेला. म्हणून खराब हवेत तुझ्या पडद्यावरचा क्लटर कधीच गोल नसतो, एका बाजूला फुगलेला असतो. स्कॅनर (रडारचा फिरणारा अँटेना) जितका उंच, तितका तो लांबपर्यंत पसरतो. मोठ्या बल्क कॅरिअरवर तीन-चार मैल ही नेहमीची गोष्ट आहे, लाटा मोठ्या असल्या तर आणखी पुढं.

तुझं जहाज उत्तर-वायव्येला चाललेलं, वारा पश्चिमेचा, बोट पोर्ट बोवर. म्हणजे ती नेमकी दाट क्लटरच्या बाजूला होती. त्यात तारीख बघ. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्ट उजाडला की दोन महिने घरी बसलेली माणसं कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन बाहेर पडतात, आणि समुद्र त्या वेळी काही शांत झालेला नसतो. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात जात नसत, त्यामागं हाच हिशोब होता. रत्नागिरी, हर्णै, देवगडच्या पट्ट्यात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही रात्री शेकडो बोटी असतील असं धरूनच चालायचं. तुझा पडदा त्या रात्री एकदम मोकळा होता, ही गोष्टच तुला खटकायला हवी होती.

आता बटणांकडं येऊ. सगळ्यात आधी गेन, म्हणजे रडारची एकूण संवेदनशीलता. घराच्या गच्चीवर अँटेना असायचा त्या काळाबद्दल तुझ्या वडिलांना विचार. सिग्नल नीट नसला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. गेनचं माप म्हणजे त्या मुंग्या. सी क्लटर आणि रेन क्लटर (पावसाचे एको दाबणारं बटण) दोन्ही शून्यावर ने, रेंज २४ मैलांची कर, आणि लांबच्या मोकळ्या भागात बारीक मुंग्या अंधुक दिसायला लागेपर्यंत गेन वाढव. तिथं थांब. मुंग्या पूर्ण घालवल्यास की त्यांच्याबरोबर सगळ्यात अशक्त एकोही जातो, आणि लाकडी बोटीचा एको त्या अशक्तांतलाच असतो. जवळ क्लटर फार झाला म्हणून गेन खाली ओढणारे अधिकारी मी खूप पाहिलेत. गेन कमी केला की जवळचं आणि लांबचं सारखंच कमी होतं. जवळच्या कचऱ्यासाठी लांबची जहाजं घालवण्यात काय अर्थ आहे?

ट्यूनिंग (परत येणाऱ्या लहरीशी रिसीव्हर जुळवणं) बहुतेक सेटवर आता ऑटो असतं, तरी एकदा हातानं तपास. भर समुद्रात ट्यून करायला लक्ष्य नसेल तर क्लटरवरच कर, तो जिथं सगळ्यात ठळक दिसतो तिथं ट्यूनिंग बरोबर. आणि खराब हवेत शिरायच्या आधी परफॉर्मन्स मॉनिटर (रडारची ताकद मोजणारी सोय) बघून नोंद ठेव. मॅग्नेट्रॉन (रडारची लहर तयार करणारा भाग) म्हातारा झाला असेल तर तो एका रात्रीत सांगून मरत नाही, हळूहळू अशक्त होतो, आणि स्वच्छ हवेत ते लक्षातही येत नाही.

मग सी क्लटर. हे बटण जवळच्या अंतरावरची संवेदनशीलता जास्त कापतं आणि जसं लांब जावं तसं कमी कापतं. म्हणजे ते लाटेला आणि बोटीला वेगळं ओळखत नाही. जवळून येणारं सगळंच ते दाबतं, आणि दाबूनही जे उरतं ते आपल्याला दिसतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं आपोआप समजतं. शून्यापासून हळूहळू वाढवत ने. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचा क्लटर जेमतेम गेला आणि वाऱ्याच्या बाजूला अजून ठिपके शिल्लक आहेत, तिथं हात थांबव. ते ठिपके ठेवायचेच आहेत. ते दिसताहेत तोवर तुला खात्री असते की त्या बाजूला रडारची नजर शाबूत आहे. वाऱ्याच्या बाजूचा शेवटचा ठिपका पुसेपर्यंत बटण फिरवलंस तर त्याच झाडूनं बोटही गेली.

पण तुझं लक्ष्य त्या उरलेल्या ठिपक्यांतच लपलेलं असलं तर? इथं डोळ्यांचं काम सुरू होतं. स्कॅनर मिनिटाला साधारण २४ फेऱ्या मारतो, म्हणजे दर अडीच सेकंदांनी एक चित्र. लाटेचा ठिपका एका फेरीत इथं असतो, पुढच्या फेरीत नसतो, तिसऱ्या फेरीत दुसरीकडंच उठतो. बोटीचा ठिपका लाटेच्या खळग्यात गेला की गायब होतो, पण परत उठतो तो त्याच जागी. दहा फेऱ्यांत तीन-चार वेळा का होईना, त्याच जागी. म्हणून पडद्याकडं नजर टाकून वळायचं नाही. पूर्ण एक मिनिट, वाऱ्याच्या बाजूच्या एकाच तुकड्याकडं, टक लावून बघायचं. सुरुवातीला फार लांब वाटतं हे एक मिनिट. मग शेजारचा तुकडा. आणि दर काही मिनिटांनी सी क्लटर खाली आणायचा, पडदा भरू द्यायचा, परत हळूहळू वर न्यायचा. वर नेताना लाटा आधी विरतात आणि घट्ट ठिपका एखाद-दुसऱ्या क्षणासाठी मागं राहतो. त्या क्षणासाठी ही सगळी मेहनत. मी थर्ड मेट असताना एका म्हाताऱ्या सेकंड मेटनं माझा हात धरून हे मला दाखवलं होतं. बोटांना ती गती लागेपर्यंत तीन-चार वॉच गेले.

ट्रेल्स, म्हणजे एकोंनी पडद्यावर मागं सोडलेल्या खुणा, चालू ठेव, तीन मिनिटांच्या. क्लटरचा ट्रेल म्हणजे नुसता विस्कटलेला धूर, बोटीच्या ट्रेलला रेघ असते. डोळ्यांनी सुटलेली बोट कितीदा तरी ट्रेलनं पकडून दिलीय.

ऑटोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोकळ्या समुद्रात, सगळीकडं सारखा क्लटर असताना, ऑटो बऱ्यापैकी काम करतो आणि तो वापरायला माझी हरकत नाही. पण किती कापायचं हे तो आजूबाजूच्या एकोंच्या सरासरीवरून ठरवतो. सरासरीच्या खाली जे आहे ते गेलं. रत्नागिरीबाहेरची एफआरपीची (फायबरची) नाहीतर लाकडी बोट, जिच्यावर लोखंड म्हणावं असं फक्त इंजिन आणि थोडीफार साखळी, ती सरासरीच्या वर कुठून येणार? मच्छीमारांच्या पट्ट्यात ऑटो बंद.

आणखी एक सोय धोक्याची आहे, आणि कदाचित तुझ्या बाबतीत तीच चालू असेल. प्रत्येक कंपनीच्या सेटवर तिचं नाव वेगळं, पण काम एकच: काही फेऱ्यांची चित्रं एकमेकांवर ठेवून जे सातत्यानं दिसतं तेवढंच दाखवायचं. एको अ‍ॅव्हरेजिंग म्हण. लोखंडी जहाजासाठी छान, क्लटर नाहीसा होतो, पडदा सुंदर दिसतो. पण दहात तीनदा दिसणारी बोट या हिशोबात लाटांच्याच रांगेत बसते. तुझ्या सेटच्या मेन्यूत जाऊन बघ ते त्या रात्री कुठल्या पायरीवर होतं. मला दोन गोष्टींचा दाट संशय आहे, ऑटो क्लटर आणि वरच्या पायरीवरचं अ‍ॅव्हरेजिंग, दोन्ही एकदम.

आता पाऊस. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात धुकं लागलं तर ड्रायव्हर काय करतो? हेडलाइट खाली घेतो. फुल बीम मारला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. पावसात लाँग पल्स (रडारनं सोडलेला लांब झटका) वापरणं म्हणजे तो फुल बीम. एक मायक्रोसेकंदाचा पल्स एका वेळी सुमारे १५० मीटर खोलीचा पाऊस उजळतो आणि त्या सगळ्याचा एको एकत्र येतो. ०.०५ मायक्रोसेकंदाचा शॉर्ट पल्स फक्त साडेसात मीटरचा. पावसाचा एको आपोआप बारीक होतो आणि त्यातलं जहाज डोकं वर काढतं. सी क्लटरलाही हेच लागू. म्हणून जवळच्या शोधासाठी शॉर्ट पल्स, तीन किंवा सहा मैलांची रेंज. १२ मैलांच्या रेंजवर दोन मैलांवरची बोट शोधणं म्हणजे भिंतीवरच्या नकाशात आपली गल्ली शोधणं. शॉर्ट पल्सची शक्ती कमी, लांबचं कमी दिसणार, हे खरं आहे, पण तुझ्या जहाजावर दुसरं रडार आहे ना?

ते दुसरं रडार म्हणजे एस-बँड. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ३०० टनांवरच्या जहाजाला एक्स-बँड रडार लागतं, ३,००० टनांवर दुसरं, आणि ते सहसा एस-बँडचं असतं. एक्स-बँडची लहर सुमारे ३ सेंटिमीटरची, एस-बँडची सुमारे १०. पावसाच्या थेंबाकडून परत येणारी शक्ती लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताप्रमाणं कमी होते. ३ वरून १० वर गेलं की हा फरक ढोबळमानानं शंभर पटींवर जातो. म्हणून मुसळधार सरीत एक्स-बँडवर नुसता पांढरा गोळा असतो, आणि शेजारच्या एस-बँडवर त्याच गोळ्याच्या आतलं जहाज स्वच्छ दिसतं. पाऊस रडारला दोन तऱ्हांनी त्रास देतो. एक, स्वतःचा एको दाखवून झाकतो. दोन, पलीकडं जाणारी शक्ती वाटेतच खातो. रेन क्लटरचं बटण पहिल्या त्रासावर थोडंफार चालतं. दुसऱ्यावर अजिबात नाही, कारण जे परतच आलं नाही ते बटण कुठून आणणार? सरीच्या पलीकडं काय आहे याचं उत्तर फक्त एस-बँड देऊ शकतो, तोही पूर्ण नाही.

खराब हवेत दोन्ही रडार चालू ठेव. एस-बँड सहा-बारा मैलांवर, एक्स-बँड तीनवर, शॉर्ट पल्सवर. लहान आणि जवळच्या लक्ष्यांना वेगळं करायला एक्स-बँडची नजर बारीक आहे. मॅग्नेट्रॉनचे तास वाचवायचे म्हणून एक रडार बंद ठेवणारी जहाजं मी पाहिलीत. पावसाळ्याच्या रात्री ती बचत मला कधीच पटली नाही.

रेन क्लटरच्या बटणाची मला स्वतःला एकदा मोठी शिकवण मिळाली. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री-पहाटे जे स्क्वॉल (अचानक उठणारा वारा-पाऊस) येतात त्यांना खलाशी 'सुमात्रा' म्हणतात. मी तेव्हा सेकंड मेट होतो, बारा ते चारचा वॉच. ब्रिजवर आलो तेव्हा नुकताच एक सुमात्रा येऊन गेला होता, खिडक्यांवरून अजून पाणी ओघळत होतं. पडदा शांत दिसत होता, थर्ड मेट म्हणाला सगळं क्लिअर आहे, आणि तो खाली गेला. दहा मिनिटांनी माझा हात सवयीनं बटणांवर गेला. रेन क्लटर अर्ध्याच्या वर होता. पाऊस संपून अर्धा तास झाला होता. शून्यावर आणला आणि स्टारबोर्ड बोवर (पुढं उजवीकडं) तीन एको उभे राहिले, सगळ्यात जवळचा दीड मैलावर. तीन लहान बोटी, एकामागं एक. काही घडलं नाही, पण माझ्या हाताला सुटलेला घाम मला आजही आठवतो. हे बटण एकोची फक्त पुढची कड ठेवतं, बाकी कापतं. लोखंडी जहाजाची कडही जाड असते. लाकडी बोटीकडं कडच काय ती असते.

स्क्वॉल रडारवर येताना दिसतो, याचा मात्र पुरेपूर फायदा घे. त्याच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या, ठाम नसलेल्या. त्याच्या पुढच्या कडेवर ईबीएल आणि व्हीआरएम (दिशा मोजायची रेघ आणि अंतर मोजायचं वर्तुळ) लाव, सहा मिनिटांत तो किती मैल जवळ आला ते बघ, दहानं गुण, तो आपल्याकडं किती नॉटनं येतोय ते मिळालं. किती वेळात आपल्यावर येतोय ते कळलं की तेवढ्या वेळात सगळं करता येतं: कॅप्टनला बोलावणं, सुकाणूवर माणूस, दुसरा लुकआउट, इंजिनरूमला फोन. आणि सर झाकायच्या आत त्या दिशेला कोणकोणती जहाजं होती, ती कुठं चालली होती, हे कागदावर लिहून ठेव. सर आल्यावर ती दिसणार नाहीत, पण ती कुठं गेलेली नाहीत.

टार्गेट ट्रॅकिंगवर (रडार लक्ष्याचा माग ठेवून त्याचा कोर्स-वेग काढतं, त्यावर) खराब हवेत थोडा धीर लागतो. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) मानकांनुसार लक्ष्य पकडल्यावर एका मिनिटात ढोबळ कल आणि तीन मिनिटांत भरवशाचा अंदाज मिळायला हवा. ही तीन मिनिटं सलग येणाऱ्या चांगल्या एकोची आहेत. बोट लाटेआड जात-येत असेल, तुझं स्वतःचं नाक पाच-पाच अंश डावी-उजवीकडं झोल खात असेल, तर व्हेक्टर (लक्ष्याची दिशा आणि वेग दाखवणारी रेघ) वाऱ्यावरच्या पताकेसारखा हलतो. अशा वेळी सीपीएचा (दोघं एकमेकांच्या किती जवळून जाणार त्या अंतराचा) एक आकडा बघून निर्णय घेऊ नकोस. टक्कर टाळण्याच्या नियमांतल्या सातव्या नियमात हे स्वच्छ लिहिलंय, अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः अपुऱ्या रडार माहितीवरून, तर्क बांधू नका. क्लटरच्या पट्ट्यातून जाताना ट्रॅकिंगचं चिन्ह बोट सोडून लाटेला चिकटतं, तेही बघत राहायला हवं. दिसणाऱ्या चिन्हाखाली खरोखर एको आहे का, हे प्रत्येक वेळी तपास. एआयएसवर (जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणाऱ्या यंत्रणेवर) काही नाही म्हणून तिथं काही नाही असं समजू नकोस, बऱ्याच लहान बोटींवर तो नसतोच.

रेंज स्केल कितीचा आहे हे मोठ्यानं म्हणायची सवय लाव. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळ आंद्रिया डोरिया आणि स्टॉकहोम ही प्रवासी जहाजं एकमेकांवर आदळली, ५१ माणसं गेली. धुक्याचा पट्टा होता आणि दोन्ही जहाजांनी एकमेकांना रडारवर आधीच पाहिलेलं होतं. आंद्रिया डोरियावर नीट प्लॉटिंग (समोरच्याचा मार्ग आखून बघणं) केलं गेलं नाही. स्टॉकहोमच्या ब्रिजवर रेंज स्केल चुकीचा वाचला गेला असावा, असं पुढं अनेक अभ्यासकांनी मांडलं. एक पोर्टला वळलं, दुसरं स्टारबोर्डला. आजच्या एकोणिसाव्या नियमात, दृश्यमानता कमी असताना बीमच्या (आपल्या बरोबर आडव्या रेषेच्या) पुढच्या जहाजासाठी पोर्टला वळणं टाळा असं जे सांगितलंय, ते वाचताना मला दरवेळी ही रात्र आठवते. बोट एकदा डोळ्यांना दिसली की मात्र एकोणिसावा सोडून नेहमीचे नियम लागू होतात, आणि ती जाळं ओढत असेल तर बाजूला आपण व्हायचं.

वेगाचं गणित तूच कर. १३ नॉटला अर्धा मैल म्हणजे सव्वादोन मिनिटं, बोट उभी असली तर. तेवढ्यात तुला दिवा ओळखायचा, बाजू ठरवायची, सुकाणू द्यायचं आणि भरलेलं बल्क कॅरिअर वळायची वाट बघायची. सुरक्षित वेगाचा सहावा नियम रडारच्या मर्यादा, समुद्राची स्थिती आणि लहान बोटी पुरेशा अंतरावर न दिसण्याची शक्यता, हे सगळं नाव घेऊन मोजायला सांगतो. वेग कमी करायचा तर आधी मास्टरला उठवायला हवं, आणि नव्या थर्ड मेटला त्याचीच भीती वाटते. मी मास्टर असताना मला उगाच उठवलं म्हणून मी कुणालाही कधी बोललो नाही. तुझे कॅप्टन रागावले ते बहुधा बोटीपेक्षा उशिरा बोलावल्याबद्दल. त्यांच्याकडं शांतपणे जाऊन विचार, मला वाटतं तेही हेच सांगतील.

एक गोष्ट तुझ्याकडं आहे जी तुझ्या जहाजावरच्या बऱ्याच जणांकडं नसेल. तुला मराठी येते. रेडिओच्या चॅनल १६ वर इंग्रजीत दिलेली हाक कोकणातल्या बोटीवर बऱ्याचदा नुसती ऐकली जाते, उत्तर येत नाही. मोठ्या जहाजाचं सरळ मराठीत "उत्तरेकडं चाललेलं मोठं जहाज बोलतोय, तुमची जाळी कुठल्या बाजूला आहेत?" असं ऐकलं की तांडेल (बोटीचा प्रमुख) बोलतो, आणि जाळ्याची दिशा, बरोबरच्या बोटी, सगळं सांगतो. मी हे अनेकदा केलंय. पण बोट अर्ध्या मैलावर असताना रेडिओ हातात घ्यायचा नाही, तेव्हा सुकाणू आणि भोंगा. हे बोलणं पाच-सहा मैलांवर करायचं.

तुझ्या गावाकडचं कुणी देवगड-मालवणकडच्या बोटवाल्यांशी संबंधात असेल तर त्यांना माझ्याकडून एवढं सांग: डोलकाठीवर जमेल तितक्या उंच धातूचा रडार रिफ्लेक्टर पक्का बांधा. तीन पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेली ती साधी वस्तू. किरण ज्या दिशेनं येतो त्याच दिशेला परत जातो, आणि बोटीपेक्षा कितीतरी मोठा एको देतो. तो उंच असला की बोट खळग्यात गेली तरी तो लाटेच्या वर राहतो.

खराब हवेत कधी शोधकार्यात जायची वेळ आली तर सार्टसाठी (रडारला उत्तर देणाऱ्या बचाव-उपकरणासाठी) सगळं उलटं करावं लागतं, हेही सांगून ठेवतो. लाइफराफ्टवरचा सार्ट फक्त एक्स-बँडला उत्तर देतो, एस-बँडवर तो कधीच दिसणार नाही. सहा किंवा बारा मैलांची रेंज, रेन क्लटर शून्य, सी क्लटर कमीत कमी. पडद्यावर १२ ठिपक्यांची बाहेरच्या बाजूला जाणारी रांग दिसते, तिचा आपल्याकडचा पहिला ठिपका म्हणजे साधारण सार्टची जागा. जवळ गेलं की ठिपके कमानी होतात, आणि अगदी जवळ पूर्ण वर्तुळं. तेव्हा गेन खाली आणायचा.

सराव कधी करायचा, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. वादळात सराव होत नाही, तिथं परीक्षाच असते. स्वच्छ दिवशी, मास्टरची परवानगी घेऊन, समोर डोळ्यांना दिसणारी एखादी लहान बोट किंवा बोया निवड आणि बटणं फिरवून तिला पडद्यावरून घालव. किती सी क्लटरला ती गेली? किती रेनला? अ‍ॅव्हरेजिंग लावल्यावर किती फेऱ्यांनी परत आली? खिडकीतून बघ, ती तिथंच आहे. तुझ्याच हातानं ती नाहीशी झालेली एकदा बघितलीस की पावसाळ्यातला स्वच्छ पडदा तुला यापुढं झोपू देणार नाही.

आणि वॉच सोपवताना कोर्स, वेग, ट्रॅफिक सांगतोस तसंच रडारचंही सांग: गेन कुठं आहे, सी क्लटर हातानं आहे की ऑटो, रेन किती, पल्स कुठला, शेवटचा स्क्वॉल किती वाजता गेला. रेन क्लटर तर पुढच्या माणसाच्या देखत एकदा शून्यावर आण, दोघांनी मिळून एक मिनिट पडदा बघा, आणि मगच खाली जा.